पोकळ कवचाची लस

लस ही रोगाच्याच बीजानें रोगाला अडविण्याची विद्या आहे. जेन्नर यांनीं १७९६ सालीं इंग्लंडांत गाईच्या देवीचें जिवंत बीज टोचलें. हाफकिन यांनीं १८९७ सालीं मुंबईंत प्लेगची लस केली, ती उष्णतेनें मारलेल्या जंतूंची. रीति निराळ्या, पण रोगबीज हवें तितकें हातीं असलें पाहिजे, ही अट दोहोंसही सारखीच. मग ज्या रोगाचें बीज प्रयोगशाळेंत वाढवितांच येत नाहीं, त्यावर लस कशी करावी? हा प्रश्न गेल्या शतकांत हेपॅटायटिस बी या काविळीनें उभा केला. तिचा विषाणु रक्तावाटें, तसाच आईकडून नवजात अर्भकाकडे जातो, यकृतांत वर्षानुवर्षें दबा धरून बसतो, आणि कित्येकांना शेवटीं यकृताच्या कर्करोगापर्यंत नेतो.

उत्तराचा धागा सांपडला तो अनपेक्षित ठिकाणीं. अमेरिकन शास्त्रज्ञ बारूक ब्लुम्बर्ग हे निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तांतील प्रथिनांचा अभ्यास करीत होते. ऑस्ट्रेलियांतील एका आदिवासीच्या रक्तांत आढळलेलें अपरिचित प्रथिन त्यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केलें. त्याचा या काविळीशीं असलेला संबंध पुढें उघड झाला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं रोग्यांच्या रक्तांत दोन आकारांचे कण ठळकपणें दिसले. एक सुमारें ४२ नॅनोमीटरचा, तो खरा विषाणु. १९७० सालीं लंडनमध्यें डेन यांनीं तो दाखवून दिला. दुसरे २२ नॅनोमीटरचे, आणि संख्येनें कितीतरी पटींनीं अधिक. यांच्यांत विषाणूचें बीजद्रव्य मुळींच नव्हतें. तीं नुसतीं पोकळ कवचें होतीं. शत्रूच्या छावणींत सैनिक थोडे आणि रिकामीं चिलखतें फार, असाच हा प्रकार.

शरीराला शत्रूची ओळख पटण्यास चिलखत पुरेसें होईल काय? १९७१ सालीं क्रूगमन यांनीं रोग्याचें रक्तजल उष्णतेनें निर्विष करून मुलांना टोचलें, व पुष्कळांना संरक्षण मिळालें. परंतु हीं मुलें न्यूयॉर्कमधील विलोब्रुक येथील मतिमंदांच्या संस्थेंतलीं होतीं. स्वतः होय किंवा नाहीं म्हणण्याची शक्ति ज्यांना नव्हती, त्यांच्यावर झालेले तेथील प्रयोग आजही दूषणास्पद मानले जातात. पुढें हिलमन यांनीं रोगवाहकांच्या रक्तांतूनच कवचें वेगळीं काढून, कडक शुद्धीकरण करून लस सिद्ध केली; १९८१ सालीं अमेरिकेंत तिला परवाना मिळाला. त्याच वर्षीं एड्सची पहिली वार्ता आली, आणि परक्याच्या रक्तापासून केलेली लस घेण्यास डॉक्टरही कचरूं लागले. शिवाय रोग्यांच्या रक्तावर जगाची गरज भागणार किती?

ही अडचण यीस्टनें सोडविली. पाव फुगविणाऱ्या या साध्या सूक्ष्मजीवांत कवचाचें जनुक घातलें, तेव्हां प्रथिन तर तयार झालेंच. पण तें आपण होऊन जुळून २२ नॅनोमीटरचे कण बनलें. १९८२ सालीं रटर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हें प्रसिद्ध केलें, आणि १९८६ सालीं ही लस अमेरिकेंत संमत झाली. तींत रोग्याचें रक्त नाहीं, विषाणु नाहीं. आहे ती केवळ त्याची आकृति. एकच घटक पुनःपुन्हा शिस्तीनें मांडलेला दिसला कीं शरीराची प्रतिकारशक्ति जोमानें जागी होते.

पुढें हीच युक्ति इतरत्र लागू पडली. १९९१ सालीं ब्रिस्बेन येथें जिआन झोऊ व इयान फ्रेझर यांनीं गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूचें कवच असेंच जुळविलें. झोऊ १९९९ सालीं वारले. लस २००६ सालीं आली, ती पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची या प्रकारची लस २०२२ सालीं भारतांत संमत झाली. तेथेंच तयार होणारी, ऑक्सफर्डमध्यें योजलेली हिवतापाची लस तर काविळीच्या कवचावरच हिवतापाच्या परोपजीवीचा अंश बसवून केलेली आहे. २०२३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तिची शिफारस केली. ज्या कवचाआड एक रोग लपत होता, तेंच आतां दुसऱ्या रोगाविरुद्ध वाहन झालें आहे.

तैवाननें १९८४ सालीं अर्भकांना काविळीची लस देण्यास आरंभ केला, आणि तेथील मुलांतील यकृताचा कर्करोग घटला. ही लस जन्मापासून चोवीस तासांच्या आंत टोचावी, असें शास्त्र सांगतें. कवच जुळविण्याचें काम निसर्ग आपण होऊन करतो. तें वेळेवर पाळण्यापर्यंत पोंचविण्याचें काम मात्र माणसांनींच करावयाचें आहे.