मोडक्या पाइपाचे माप

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी ही मानकरी मंडळी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. आज मी ज्या साधनाविषयी बोलणार आहे, त्याला असा कसलाच मान नाही. ते साधन म्हणजे तंबाखू ओढण्याच्या मातीच्या पाइपाचा, उकिरड्यावर फेकून दिलेला तुकडा.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात तंबाखू ओढण्याची चाल पडली. आपली चिलीम भाजलेल्या मातीची, तसाच तिकडचा पाइपही. मात्र त्याची वाटी आणि लांब नळी एकाच पांढऱ्या मातीची, एकसंध असे. तंबाखू तेव्हा फार महाग. तशात १६०४ साली राजा पहिला जेम्स याने तिच्यावरील जकात पौंडामागे २ पेन्सांवरून एकदम ६ शिलिंग १० पेन्सांवर नेली! साहजिकच वाट्या अगदी इवल्याशा. पुढे शेतांतून त्या सापडू लागल्या, तेव्हा लोक त्यांना पऱ्यांचे पाइप म्हणू लागले. व्हर्जिनियातील मळे पिकू लागले, तंबाखू स्वस्त झाली आणि वाटी मोठी होत गेली. तेव्हा वाटीचा आकार पाहून काळ ओळखणे, ही पाइपांच्या वर्गवारीची पहिली रीत.

पण वाटी अखंड सापडते क्वचित. सापडतात ते नळीचे तुकडे, ज्यांवर बहुधा ना नाव, ना खूण. व्हर्जिनियात १६०७ साली वसलेल्या जेम्सटाउनच्या उत्खननात अशा तुकड्यांचे ढीग निघाले. त्यांचे करायचे काय?

जे. सी. हॅरिंग्टन या संशोधकाने तुकड्याच्या बाहेरून न पाहता आतून पाहिले. ज्यांचा काळ ठाऊक होता असे ३३० पाइप त्याने घेतले आणि ड्रिलच्या निरनिराळ्या जाडीच्या पात्या नळीत घालून भोकाचे माप काढले. माप धरले इंचाच्या चौसष्टाव्या भागात. १९५४ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केला. १६२० ते १६५० च्या पाइपांत ८ भागांची, म्हणजे आपल्या सुताराच्या भाषेत एक सुताची, भोके सर्वाधिक. १६५० ते १६८० मध्ये ७ भागांची. आणि १७५० नंतर अवघ्या ४ भागांची, म्हणजे अर्ध्या सुताची! शंभर-सव्वाशे वर्षांत भोक निम्म्यावर आले होते. ओल्या मातीच्या नळीतून तार घालून हे भोक पाडीत. नळी जसजशी लांब होत गेली, तसतशी तार बारीक झाली असावी, असे याचे कारण सांगतात.

१९६२ साली लुईस बिनफर्ड याने याचे गणितच मांडले. एका जागच्या सर्व तुकड्यांच्या भोकांची सरासरी काढावी, तिला ३८.२६ ने गुणावे आणि तो गुणाकार १९३१.८५ मधून वजा करावा. वस्तीचा मध्यकाळ हाती येतो. सरासरी ६ आली तर साल येते १७०२.

गणित मोठे मोहक आहे. म्हणूनच जपून राहिले पाहिजे. भोक शून्य धरा. उत्तर येते १९३१. म्हणजे त्या साली पाइपाला भोकच उरू नये! अर्थात तसे काही घडले नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून भोक बारीक होण्याचा क्रम थांबला आणि त्या पुढच्या पाइपांना हे सूत्र लागू पडत नाही. डच पाइपांचा क्रमही इंग्रजी पाइपांहून निराळा. आणि एकट्या तुकड्याला तर काळ विचारूच नये. एकाच काळात जाड तारेने काम करणारा कारागीर असतो, तसा बारीक तारेने करणाराही असतो. पुष्कळ तुकडे जमले, म्हणजेच त्यांची साक्ष ऐकण्याजोगी होते.

आणि तरीही या क्षुद्र वस्तूचे मोल मोठे आहे. सोन्याचे नाणे पिढ्यान्‌पिढ्या जपले जाते, म्हणून ते ज्या थरात सापडते त्या थराहून कितीतरी जुने असू शकते. मातीचा पाइप स्वस्त आणि ठिसूळ. घेतला, ओढला, मोडला, फेकला. त्याचे आयुष्य तोकडे, म्हणून त्याची साक्ष नेमकी. नावे लिहून ठेवणारे राजे होते. ज्यांची नावे कोणी लिहिली नाहीत, त्या खलाशांचा, मजुरांचा आणि मळेकऱ्यांचा काळ मात्र या अर्ध्या-एक सुताच्या भोकातून आपल्याला दिसतो. माप काटेकोर घ्यावे, पण त्याची मर्यादा ओळखावी; इतिहासाच्या अभ्यासकाने या फुटक्या नळीपासून एवढे शिकले तरी पुष्कळ झाले.