लंकेचे सोने आणि ते पिकवणारे हात



लंका म्हटली की आपल्यापुढे दोन गोष्टी चटकन उभ्या राहतात. एक रावणाची सोन्याची नगरी आणि दुसरी रेडिओ सिलोन. पहिलीने आपल्याला ‘लंकेत सोन्याच्या विटा’ ही म्हण दिली. म्हणजे असेना का तिथे वैभव, आपल्याला त्याचा उपयोग काय! दुसरीने १९५२ पासून दर बुधवारी ‘बिनाका गीतमाला’ ऐकवून घरोघरची मंडळी रेडिओपाशी गोळा केली. पण या दोहोंच्या मध्ये जो खराखुरा देश आहे, त्याची ओळख आपल्याला थोडीच. ती ओळख मी एका कामगार कार्यकर्त्याच्या बाजूने करून देणार आहे. माझ्यापाशी विद्यापीठाची पदवी नाही. संघटनेच्या कामाने जे वाचायला लावले तेवढेच माझे भांडवल. त्यामुळे कोणत्याही देशाकडे पाहताना माझी नजर आधी हजेरीपटाकडे जाते. राबतात किती आणि माणसांत मोजले जातात किती, हा माझा पहिला प्रश्न.

श्रीलंकेचे क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सुमारे एकपंचमांश. धनुष्कोडी आणि तलैमन्नार यांच्यामधला समुद्र अवघा ३० किलोमीटरच्या आसपास. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात महेंद्राने येथे बौद्ध धर्म आणला आणि अनुराधपूर हे त्याचे केंद्र झाले. उत्तरेचा प्रदेश कोरडा. म्हणून राजांनी प्रचंड तलाव बांधून शेती उभी केली. बाराव्या शतकातल्या पराक्रमबाहूचा पोलोन्नरुव येथील ‘पराक्रम समुद्र’ आजही शेते भिजवतो. बहुसंख्य लोक सिंहली. उत्तरेला व पूर्वेला तमिळांची शतकानुशतकांची वस्ती. शिवाय मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. १५०५ मध्ये पोर्तुगीज आले, त्यांच्यामागून डच, आणि १७९६ मध्ये इंग्रज. १८१५ मध्ये डोंगरातले कँडीचे राज्य पडले आणि सारे बेट इंग्रजांच्या हाती गेले.

इंग्रजांनी डोंगरउतारावरचे जंगल तोडून कॉफी लावली. मजूर आणले ते तमिळनाडूच्या दुष्काळी जिल्ह्यांतून. समुद्र ओलांडायचा आणि मग रानातून दिवसचे दिवस पायपीट करीत मळे गाठायचे. वाटेत पटकी आणि हिवताप यांनी हजारो माणसे खाल्ली. १८६९ मध्ये कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला आणि काही वर्षांत ती लागवड बुडाली. पण १८६७ मध्येच जेम्स टेलरने लूलकंदेरा येथे १९ एकरांवर चहा लावला होता. तोच चहा पुढे देशाचे सोने झाला.

या बदलाचा एक परिणाम नीट लक्षात घ्यावा. कॉफीची तोडणी हंगामी असे; मजूर येत आणि परत जात. चहाची पाने मात्र बारा महिने खुडावी लागतात. त्यामुळे माणसे कुटुंबकबिल्यासह तिथेच राहिली. त्यांना आणणारा ‘कंगाणी’ म्हणजे आपल्याकडचा मुकादमच. तो उचल देई आणि त्या उचलीत मजूर जखडला जाई. कर्जाची रक्कम लिहिलेली ‘तुंडू’ नावाची चिठ्ठी असल्याशिवाय दुसऱ्या मळ्यावर काम मिळत नसे. ही पद्धत १९२१ मध्ये कायद्याने बंद झाली. राहायला चाळीतली एकेक लहान खोली. तिच्यात अख्खा संसार.

१९३१ मध्ये या देशात एक मोठी गोष्ट घडली. स्त्रीपुरुष सर्व प्रौढांना मताचा हक्क मिळाला. भारतात त्या हक्काने पहिली निवडणूक झाली ती १९५१-५२ मध्ये. मळ्यांवरच्या अनेक मजुरांनाही, काही अटी पाळून, मत मिळाले. त्याच सुमारास नटेश अय्यर यांनी मळेकामगारांची संघटना बांधली. १९४० मध्ये मूलओया मळ्यावर संप झाला, पोलिसांनी गोळी झाडली आणि गोविंदन नावाचा कामगार ठार झाला. १९४७ च्या निवडणुकीत मळ्यांतल्या मतांवर सिलोन इंडियन काँग्रेसचे प्रतिनिधी निवडून आले; इतर काही मतदारसंघांत याच मतांचा डाव्या पक्षांना आधार झाला. संघटनेची ताकद मतपेटीत उतरली आणि नेमकी तीच राज्यकर्त्यांना खुपली.

४ फेब्रुवारी १९४८ रोजी देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा आला. स्वतःचा जन्म इथला असून भागेना. वडिलांचा, नाहीतर आजा-पणजाचा जन्म इथला असल्याचे सिद्ध करा, असे तो म्हणत होता. ज्यांच्या बापजाद्यांच्या जन्माची नोंदच कुणी धड ठेवली नव्हती, त्यांनी कागद आणावा कुठून? सात लाखांवर माणसे नागरिकत्वाबाहेर गेली आणि १९४९ मध्ये त्यांचे मतही गेले. ज्यांच्या श्रमावर देशाचे परकीय चलन उभे होते, ते कुठल्याच देशाचे राहिले नाहीत. जाफनाच्या तमिळ पुढाऱ्यांतले काहीजण या वेळी सरकारच्या बाजूला गेले. चेल्वनायकम मात्र त्यांच्यातून बाहेर पडले आणि त्यांनी १९४९ मध्ये फेडरल पक्ष काढला.

पुढे काय झाले? १९५६ मध्ये फक्त सिंहली ही राजभाषा करणारा कायदा झाला, आणि जाफनाच्या तमिळांनाही आपली पायरी कळून आली. १९५८ मध्ये दंगली झाल्या, १९८३ मध्ये त्याहून भयंकर. आणि मग २००९ पर्यंत यादवी युद्ध. या युद्धाची कारणे पुष्कळ आहेत, पण दुबळ्यांचे मत काढून घेता येते हा धडा १९४८-४९ मध्येच गिरवला गेला होता.

दोष एकट्या लंकेचा नाही. १९६४ मध्ये पंतप्रधान सिरिमाओ बंदारनायके आणि लालबहादूर शास्त्री यांनी करार केला. ९,७५,००० माणसांपैकी ५,२५,००० भारताने घ्यायची, ३,००,००० लंकेने. उरलेल्या दीड लाखांची निम्मीनिम्मी वाटणी १९७४ मध्ये झाली. धान्याची पोती वाटावीत तशी माणसे वाटली गेली. त्यांना मात्र कुणी विचारले नाही. जे भारतात आले त्यांच्यापैकी कित्येकजण निलगिरीत पुन्हा चहाच खुडू लागले. जे मागे राहिले त्यांचा नागरिकत्वाचा प्रश्न २००३ च्या कायद्याने मिटला, म्हणजे तब्बल ५५ वर्षांनी. तरीही २०२१ मध्ये दिवसाला १,००० श्रीलंकी रुपये किमान वेतन ठरून येण्यासाठी त्यांना अनेक वर्षे झगडावे लागले.

याच देशाने १९४५ पासून शिक्षण मोफत केले आणि आपल्या बहुतेक लोकांना साक्षर केले, हेही सांगितले पाहिजे. जो देश इतके करू शकला, त्यानेच डोंगरावरच्या मजुराला दाराबाहेर ठेवले. म्हणून मला वाटते, मजुरीच्या वाढीइतकेच मतदारयादीतले नाव महत्त्वाचे आहे. संपाने मिळवलेले टिकवायला मत लागते, आणि मत टिकवायला शेजाऱ्याची साथ लागते. चहाचा पेला हाती घेताना लंकेचे हे सोने कुणाच्या हातांनी पिकले, एवढे आपण आठवले तरी आजची ही ओळख सार्थकी लागली असे मी समजेन.