एक संगणक, दोन कार्डे: १९८१ची एक विसरलेली सोय

एकाच डेस्कटॉपमध्ये दोन ग्राफिक्स कार्डे बसवायची आणि गरजेप्रमाणे एकावरून दुसऱ्यावर जायचे, ही कल्पना अलीकडच्या गेमिंगच्या जमान्यातली वाटते. प्रत्यक्षात ती आयबीएमच्या पहिल्या पीसीइतकीच जुनी आहे. आजचा धागा तिच्याविषयी, आणि तिच्या वाटेत आलेल्या एका थाई विद्यार्थ्याविषयी.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने पीसी जाहीर केला, तेव्हा ग्राहकापुढे दोन पर्याय होते. ‘एमडीए’ हे कार्ड केवळ अक्षरांसाठी: ७२० बाय ३५० ठिपक्यांच्या पडद्यावर रेखीव हिरवी अक्षरे, चित्र मात्र एकही नाही. ‘सीजीए’ रंगांसाठी: ३२० बाय २०० ठिपके आणि एका वेळी चार रंग. त्याची अक्षरे ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटीत कोंबलेली असत. दिवसभर पत्रे आणि हिशेब टंकणाऱ्याच्या डोळ्यांना ती शिक्षाच होती. सुवाच्य अक्षर हवे की रंगीत चित्र, याची निवड खरेदीच्या वेळीच करावी लागे. दोन्ही हवे असेल, तर दोन कार्डे आणि दोन मॉनिटर.

ही दोन कार्डे एका पेटीत सुखाने नांदत, याचे कारण पत्त्यात आहे. प्रोसेसरच्या दृष्टीने पडदा म्हणजे मेमरीचा एक तुकडा. तिथे अक्षराचा संकेतांक लिहिला की ते अक्षर पडद्यावर उमटते. आयबीएमने एमडीएला ‘बी०००’ हा पत्ता दिला आणि सीजीएला ‘बी८००’. मधले अंतर ३२ किलोबाइट. डॉसमध्ये ‘मोड सीओ८०’ अशी आज्ञा दिली की कारभार रंगीत पडद्यावर जाई, ‘मोड मोनो’ म्हटले की परत हिरव्यावर. सोडून दिलेल्या पडद्यावर शेवटचा मजकूर तसाच थिजून राही. संगणक सुरू होताना कोणते कार्ड जागे व्हावे, हे मदरबोर्डवरचे चिमुकले स्विच ठरवत. (दोन्ही मॉनिटरांचे प्लग मात्र सारखेच, नऊ पिनांचे, चुकीच्या कार्डाला जोडल्यास हिरव्या मॉनिटरला इजा होण्याचा संभव असे. पत्त्यांची इतकी नेटकी आखणी करणाऱ्यांना वेगळा प्लग सुचू नये, याचे नवल वाटते.)

१९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ने या सोयीचा उत्तम उपयोग केला: आकड्यांचा तक्ता एका पडद्यावर, त्याचा आलेख दुसऱ्यावर. प्रोग्रामरांनाही ती प्रिय झाली. एका पडद्यावर प्रोग्राम चाले, दुसऱ्यावर डीबगर त्याचे अंतरंग दाखवी.

आता तो विद्यार्थी. वान सुवन्नुकुल यांना आपला प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता. एमडीएला इंग्रजी वळणाच्या ठरीव अक्षरांपलीकडे काही येत नव्हते आणि सीजीएच्या ढोबळ ठिपक्यांत थाई अक्षरे मावत नव्हती. म्हणून त्यांनी स्वतःच कार्ड तयार केले. १९८२चे ते हर्क्युलीस कार्ड: ७२० बाय ३४८ ठिपके, आणि प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे उजळता येणारा. असे एक चित्र साठवायला ३१,३२० बाइट लागतात, म्हणजे ३२ किलोबाइटच्या किंचित आत. पण कार्डावर मेमरी होती ६४ किलोबाइट, दोन चित्रांपुरती. परिणामी दुसरे चित्र थेट ‘बी८००’वर, शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडे. सीजीएही बसवायचे असेल, तर हर्क्युलीसला निम्म्या मेमरीवर समाधान मानावे लागे.

लिपीची ही अडचण आपल्या ओळखीची आहे. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी जे काम केले, ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले आणि संगणकाच्या स्लॉटमध्ये बसणारे ‘जिस्ट’ कार्ड झाले. डॉसचे मूळचे इंग्रजी प्रोग्राम त्याच्या मदतीने देवनागरी दाखवू लागले.

१९८७च्या व्हीजीएने अक्षर आणि रंग यांचे भांडण बव्हंशी मिटवले. त्यानंतर दुसरे कार्ड परतले ते १९९६ साली, थ्रीडीएफएक्सच्या ‘व्हूडू’च्या रूपाने. व्हूडूने पत्त्याचा तंटा टाळला, कारण रोजच्या कामाचे द्विमितीय चित्र काढणे त्याला येतच नव्हते. जुन्या कार्डाचे चित्र एका आखूड केबलने व्हूडूत येई आणि तिथून मॉनिटरला जाई. खेळ सुरू झाला की व्हूडू ती वाट अडवून आपले चित्र पुढे करी. केबलच्या या वळशात रोजची अक्षरे थोडी पुसट होत, तेवढे खेळाडू सोसत. ऑर्चिडच्या ‘रायटियस थ्रीडी’ या व्हूडू कार्डावर हा बदल यांत्रिक रिले करी. खेळात शिरताना एकदा, बाहेर पडताना एकदा, पेटीतून स्पष्ट ‘टिक्’ ऐकू येई.