आवर्तकालाचा इतिहास : ‘आर हायड्री’ तारा आणि काल-वारंवारता विश्लेषण

प्रास्ताविक

चित्रा ताऱ्याच्या दक्षिणेस, वासुकी तारकासमूहात ‘आर हायड्री’ नावाचा तांबूस तारा आहे. तेजस्वी असताना तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पुढे इतका मंद होतो की दुर्बिणीशिवाय सापडत नाही. अशा ताऱ्यांना रूपविकारी तारे म्हणतात. एका तेजस्वी अवस्थेपासून पुढील तेजस्वी अवस्थेपर्यंतचा काळ म्हणजे त्यांचा आवर्तकाल होय. आर हायड्रीचा आवर्तकाल मात्र स्थिर राहिलेला नाही. तो कधी बदलू लागला आणि कधी थांबला, याचे उत्तर मिळण्यासाठी सुमारे ३४० वर्षांच्या नोंदी आणि एक नवी गणिती पद्धत, दोहोंची गरज लागली. प्रस्तुत लेखात या दोहोंच्या संबंधाचा विचार केला आहे.

निरीक्षणांची परंपरा

या ताऱ्याची नोंद १६६२ मध्ये हेव्हेलियसने व १६७० मध्ये मोंतानारीने केली. त्याचे तेज पुनःपुन्हा बदलते, हे १७०४ मध्ये माराल्दीने ओळखले. म्हणजे पहिल्या नोंदी झाल्या तेव्हा तो रूपविकारी असल्याचे कोणास ठाऊक नव्हते. पुढील शतकांत अशा ताऱ्यांची निरीक्षणे बहुतांशी हौशी निरीक्षकांनी केली. स्थिर तेजाच्या शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून प्रत ठरवायची आणि वेळेसह लिहून ठेवायची, एवढेच त्यांचे साधन होते. १९११ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन रूपविकारी तारा निरीक्षक संघटनेने या विखुरलेल्या नोंदी एकत्र आणल्या. तुर्कस्तानातील बोद्रुम येथे जन्मलेल्या जॅनेट मात्तेई या १९७३ पासून २००४ पर्यंत या संघटनेच्या संचालक होत्या.

या परंपरेत हैदराबादचेही स्थान आहे. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये स्थापन केलेली वेधशाळा १९०८ मध्ये निजाम सरकारकडे गेली आणि १९१९ मध्ये उस्मानिया विद्यापीठास जोडली गेली. निजामिया वेधशाळेच्या १५ इंची दुर्बिणीतून रूपविकारी ताऱ्यांचे वेध घेतले जात. तेथे वडील नोकरीस असलेल्या वेणू बाप्पू यांनी विद्यार्थिदशेतच या ताऱ्यांचा अभ्यास सुरू केला.

फूरिए पद्धत आणि तिची मर्यादा

उष्णतेच्या वहनावरील आपल्या १८२२ च्या ग्रंथात फूरिए यांनी गुंतागुंतीचा चढउतार साध्या तरंगांच्या बेरजेत मांडता येतो, हे दाखविले. १८९८ मध्ये शुस्टर यांनी या तत्त्वावर नोंदींत दडलेले आवर्तकाल शोधण्याची रीत सांगितली. लोंब (१९७६) व स्कार्गल (१९८२) यांनी ती असमान अंतरांनी घेतलेल्या नोंदींसाठी अधिक उपयुक्त केली.

तथापि या पद्धतीत सर्व नोंदींचा हिशेब एकदम होतो. मैफलीत कोणकोणते स्वर लागले हे कळावे, पण कोणता स्वर केव्हा लागला हे कळू नये, तसा हा प्रकार आहे. आवर्तकाल हळूहळू घटणाऱ्या ताऱ्याच्या बाबतीत एका स्पष्ट शिखराऐवजी पसरट उंचवटा किंवा अनेक शिखरे मिळतात. त्यावरून ताऱ्याला एकाच वेळी अनेक आवर्तकाल आहेत, असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

तरंगिका पद्धत

‘कोणती वारंवारता’ आणि ‘केव्हा’ हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारणारे विश्लेषण गाबोर यांनी १९४६ मध्ये मांडले. दोन्ही उत्तरे एकाच वेळी हवी तितकी अचूक मिळू शकत नाहीत, हेही त्यांनी दाखविले. भूकंपलहरींच्या अभ्यासातून पुढे आलेले मोर्ले आणि गणिती भौतिकीचे ग्रॉसमन यांनी १९८४ मध्ये तरंगिका पद्धतीस गणिती पाया दिला. तरंगिका म्हणजे थोडाच काळ टिकणारा तरंग. ती नोंदींवरून पुढे सरकवीत नेली म्हणजे प्रत्येक काळातील आवर्तकाल वेगळा दिसू लागतो.

ताऱ्यांच्या नोंदींत मात्र खंड असतात. दरवर्षी ऑक्टोबरात सूर्य चित्रा नक्षत्रात येतो, तेव्हा आर हायड्री त्याच्या उजेडात लपतो. असे खंड दुर्लक्षिले तर खोटे आवर्तकाल उमटतात. ही अडचण ओळखून ग्रँट फॉस्टर यांनी १९९६ मध्ये भारित तरंगिका रूपांतर मांडले. त्यात तपासावयाच्या क्षणाजवळील नोंदींना अधिक व दूरच्या नोंदींना कमी वजन देऊन तरंग जुळविला जातो.

आर हायड्रीविषयीचे निष्कर्ष

झिल्स्ट्रा, बेडिंग आणि मात्तेई यांनी २००२ मध्ये या ताऱ्याच्या १६६२ पासूनच्या नोंदींचे तरंगिका पद्धतीने विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यानुसार १७७० पूर्वी आवर्तकाल सुमारे ४९५ दिवस होता. १७७० ते १९५० या काळात तो सातत्याने घटला आणि १९५० नंतर ३८५ दिवसांच्या आसपास स्थिरावला. तेजातील चढउताराचा पल्लाही आवर्तकालाबरोबरच कमी होत गेला.

वुड व झारो यांनी १९८१ मध्ये या बदलाचा संबंध ताऱ्याच्या आतील हीलियम थराच्या आकस्मिक ज्वलनाशी जोडला होता. घट सुरू होण्यापूर्वी आवर्तकाल वाढत होता, असेही त्यांना आढळले होते. नव्या विश्लेषणात त्या वाढीस आधार मिळाला नाही. ताऱ्याच्या रचनेतील अंतर्गत अस्थैर्य हाही पर्याय त्यामुळे विचारात घ्यावा लागला.

समारोप

मूळ नोंदीत नसलेली माहिती कोणतीही पद्धत निर्माण करू शकत नाही. १७७० पूर्वीच्या नोंदी विरळ आहेत. म्हणून त्या काळाविषयी ‘सुमारे’ एवढेच म्हणता येते. साधन जपणे, त्यातील खंड खंड म्हणूनच मान्य करणे आणि पुराव्यापलीकडे न जाणे, हा इतिहास-संशोधनाचा नियम येथे भौतिकशास्त्रासही लागू पडतो. महाविद्यालयात हे दोन्ही विषय वेगवेगळ्या वर्गांत शिकविले जातात. आर हायड्रीचा अभ्यास मात्र दोन्ही वर्गांत सारख्याच उपयोगाचा आहे.