चकाकीची किंमत : स्टेनलेस रिव्हॉल्व्हर आणि पॉलिशचा इतिहास

आजचा प्रश्न वरवर पाहता दुकानदारीचा वाटेल. स्टेनलेस स्टीलचे जुने रिव्हॉल्व्हर पॉलिश करून लखलखीत केले, तर त्याची किंमत वाढते की घटते? आम्ही हा विषय घेतला तो खरेदी-विक्रीसाठी नव्हे. एखाद्या वस्तूच्या पृष्ठभागावर इतिहास कसा टिकतो आणि कसा पुसला जातो, हे या एका उदाहरणात फार स्वच्छ दिसते. प्रश्न मुख्यतः अमेरिकेतला आहे, कारण ही वस्तू तिथली आणि तिचा संग्राहकही तिथला. म्हणून आपणही तिथेच जाऊ.

सुरुवात मात्र इंग्लंडमधल्या शेफील्डपासून करावी लागते. १९१२ साली तिथल्या ब्राउन-फर्थ प्रयोगशाळेतले धातुतज्ज्ञ हॅरी ब्रिअर्ली यांच्याकडे एक काम आले. रायफलच्या नळ्या आतून लवकर झिजत होत्या, त्यावर उपाय शोधायचा होता. त्या खटपटीत १९१३ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी सुमारे १२.८ टक्के क्रोमियम असलेले पोलाद ओतले. हे पोलाद सहजी गंजत नव्हते. गंमत बघा, शोध सुरू झाला बंदुकीच्या नळीपासून आणि पोहोचला जेवणाच्या टेबलावरच्या सुऱ्यांपर्यंत! बंदुकीकडे, निदान रिव्हॉल्व्हरकडे, हे पोलाद परत यायला अर्धशतक लागले.

मधल्या काळात रिव्हॉल्व्हरचे लोखंड कसे जपत असत? दोन मार्ग होते. एक म्हणजे ब्ल्यूइंग. यात पोलादावर लोहाच्या काळ्या ऑक्साइडचा पातळ थर मुद्दाम आणतात, त्यामुळे निळसर काळा रंग येतो. दुसरा मार्ग निकेलचा मुलामा. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. खाली पोलाद, वर वेगळा थर. आपल्याकडच्या पितळी भांड्यावरच्या कल्हईसारखे समजा. थर उडाला की तो किती उडाला हे डोळ्यांना दिसते.

संग्राहकांची सगळी मोजपट्टी याच थरावर उभी राहिली. मूळ फिनिश किती टक्के शिल्लक आहे, हा पहिला प्रश्न. किमतींच्या मार्गदर्शक पुस्तकांतले रकानेसुद्धा या टक्क्यांप्रमाणे आखलेले असतात. अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनने जुन्या शस्त्रांच्या अवस्थेची जी प्रतवारी ठरवली, तिच्यात एक बारकावा आहे. ‘चांगली’ या प्रतीत साफ केलेले किंवा पुन्हा ब्ल्यूइंग केलेले शस्त्र बसते. त्याच्या खालच्या प्रतीत जोरकसपणे घासलेले शस्त्र येते, ज्याच्या कडा गोल झाल्या आहेत आणि अक्षरे अर्धवट पुसली आहेत. म्हणजे काय, तर गंज जसा प्रत खाली आणतो, तशीच साफसफाईही खाली आणते. आपल्याकडे शिवराई जमवणारे लोक नवशिक्याला पहिल्यांदा हेच सांगतात, नाणे चिंचेने घासू नकोस बाबा.

आता १९६५ साल. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या स्मिथ अँड वेसन कंपनीने ‘मॉडेल ६०’ बाजारात आणले. नेहमीच्या उत्पादनातले हे पहिले स्टेनलेस रिव्हॉल्व्हर. पाच गोळ्यांचे, आखूड नळीचे, ‘चीफ्स स्पेशल’ या आधीच्या लहान रिव्हॉल्व्हरवर बेतलेले. असली शस्त्रे पोलीस अंगाला लागून बाळगत. घामाने ब्ल्यूइंग उडे आणि खाली गंज चढे. स्टेनलेसने ती डोकेदुखी बरीच कमी केली. पुढे मोठ्या आकाराची मॉडेलेही आली आणि १९८० नंतर स्टेनलेस ही सवयीची गोष्ट झाली.

पण या धातूने संग्राहकांची जुनी मोजपट्टी निकामी केली. स्टेनलेसवर वेगळा थरच नसतो. हवेशी संबंध येताच क्रोमियमचे एक अदृश्य, अतिसूक्ष्म कवच आपोआप तयार होते. घासून काढले तरी ते पुन्हा धरते. मग लोकांनी सरळ हिशेब केला. वर काहीच नाही, तर पॉलिशने जाणार काय? घरच्या स्टीलच्या ताटासारखे चकचकीत करावे, झाले!

जाते काय, ते आता नीट पाहू. स्टेनलेसचे फिनिश म्हणजे त्या धातूचाच पोत. कारखान्यात पट्ट्यावर किंवा ब्रशवर घासताना एका दिशेने बारीक रेघा उमटतात आणि मंद, रेशमी चमक येते. हाच तो सॅटिन फिनिश. पॉलिश म्हणजे या रेघा बुडेपर्यंत धातू खरवडणे. हाताने, मऊ फडक्याने केले तर फार थोडा धातू जातो. पण फिरत्या बफिंगच्या चाकावर धरले की गोष्ट बिघडते. सरळ कडा गोलावतात. स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखे खळगे पडतात. कंपनीचे नाव आणि बोधचिन्ह उथळ होते. बाजूची झाकणपट्टी कारखान्यात फ्रेमला जुळवून एकत्रच घासलेली असते, म्हणून सांधा जेमतेम दिसतो. ती सुटी काढून चमकवली की कडा झिजतात आणि सांधा उघडा पडतो. शिवाय अनेक स्टेनलेस रिव्हॉल्व्हरचे हॅमर आणि ट्रिगर साध्या पोलादाचे, वरून क्रोमचा पातळ मुलामा दिलेले असत. तिथे पॉलिशने मुलामाच जातो. आणि कुणी साध्या लोखंडी तारेच्या काथ्याने घासले, तर लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि न गंजणाऱ्या रिव्हॉल्व्हरवर गंजाचे ठिपके उठतात.

इथे इतिहासाने एक पेच टाकून ठेवला आहे. मॉडेल ६० ची अगदी सुरुवातीची रिव्हॉल्व्हर कारखान्यातूनच चकचकीत झिलईची निघाली होती. नंतर कंपनी सॅटिनवर गेली. साहजिकच सुरुवातीची झिलईदार प्रत संग्राहकाला जास्त हवी असते. पुढे कोल्ट कंपनीच्या ‘पायथन’चेही असेच झाले. स्टेनलेस पायथन मंद फिनिशमध्ये मिळे आणि आरशासारख्या झिलईतही. म्हणजे चकाकी स्वतः वाईट नाही. ती कुणी आणली आणि केव्हा आणली, यावर मोल ठरते. उद्या एखाद्याने नंतरचे सॅटिन रिव्हॉल्व्हर घरी बसून चमकवले, तर दुरून ते पहिल्या तुकडीसारखे दिसेल. त्याचा हेतू फसवणुकीचा नसेलही. पण पुढच्या अभ्यासकाला कोणते अस्सल आणि कोणते घरगुती, हे पृष्ठभागावरून सांगणे अवघड होऊन बसते. नुकसान एका मालकाचे होत नाही, अस्सल झिलईदार प्रतींवरचा विश्वासही त्यात डळमळतो.

म्हणून कागद महत्त्वाचा ठरतो. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या नोंदींवरून संग्राहकांना पत्र मिळण्याची सोय झाली. कंपनीचे इतिहासकार रॉय जिंक्स यांचे नाव त्या कामाशी कायमचे जोडले गेले आहे. रिव्हॉल्व्हर कारखान्यातून केव्हा निघाले, कोणाकडे गेले, कोणत्या फिनिशमध्ये, हे त्या पत्रातून कळते. जुन्या काळी दुरुस्तीसाठी कारखान्यात परत आलेल्या रिव्हॉल्व्हरवर अनुक्रमांकाजवळ तारा आणि मुठीखाली तारीख ठोकलेली सापडते. कारखाना स्वतःच्या कामाची खूण ठेवत होता. घरच्या पॉलिशची खूण कुठेच नोंदलेली नसते, ती फक्त गोल झालेल्या कडांत वाचावी लागते.

मग उत्तर काय? सगळ्यांना एकच नियम लागत नाही. रोजच्या वापरातले, हजारोंनी बनलेले, ओरखडे पडलेले रिव्हॉल्व्हर असेल, तर हलक्या हाताच्या पॉलिशने त्याच्या किमतीत फारसा फरक पडत नाही. सॅटिनच्या रेघा घासणीने पुन्हा आणताही येतात, ब्ल्यूइंगमध्ये ही सोय नाही. पण काही गिऱ्हाइकांना चकाकी आवडते आणि बरेच जण तिच्यामुळे दूर राहतात, म्हणजे विकताना गिऱ्हाईक कमी होते. सुरुवातीच्या वर्षांतले, दुर्मिळ, मूळ खोक्यासह टिकलेले रिव्हॉल्व्हर असेल, तर चाकावरचे पॉलिश त्याला संग्राहकाच्या पंक्तीतून उठवून वापरणाऱ्याच्या पंक्तीत बसवते. रेघा पुन्हा उमटवता येतील, झिजलेली कड आणि पुसट झालेले अक्षर परत येत नाही.

पृष्ठभाग हा दस्तऐवज आहे असे आपण ताम्रपटाबद्दल सहज मान्य करतो. कारखान्यात यंत्राने बनलेल्या, अवघ्या साठ वर्षांपूर्वीच्या वस्तूबद्दल ते मान्य करायला जड जाते. स्टेनलेसच्या बाबतीत तर अधिकच, कारण ते खराब होत नाही अशी आपली खात्री असते. ते सहजी गंजत नाही, इतकेच खरे. झिजायला ते तयारच असते, आणि बहुतेक वेळा त्याला झिजवतो तो त्याच्यावर प्रेम करणारा मालकच.