न हलणारी सायकल आधी आली, रस्त्यावरची नंतर!



मागच्या डिसेंबरात माझे एक जुने रुग्ण दवाखान्यात आले. निवृत्त शिक्षक, वय ६२, मधुमेह आणि बीपी, वर्षभरापूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. पावसाळा संपल्यापासून रोज सकाळी मुकुटबनहून वणी रोडने अर्धा तास सायकल चालवायचे. शुगर छान आटोक्यात होती. थंडी पडली, पहाटे धुकं यायला लागलं, त्यात कोळशाचे आणि सिमेंटचे ट्रक. घरच्यांनी सायकल बंद केली आणि शुगर पुन्हा चढली.

गुरुजी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरगा म्हणते घरातल्या घरात चालवाची सायकल घेऊन देतो. पण जी सायकल कुठंच जात नाही, तिचा उपयोग काय जी?"

हा प्रश्न मला हिवाळ्यात बरेच जण विचारतात. उत्तर द्यायचं तर या सायकलीचा थोडा इतिहास सांगावा लागेल. तो वाचलात की काय घ्यायचं आणि काय नाही, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

रुग्णांसाठी बनलेलं यंत्र

आपल्याला वाटतं, आधी रस्त्यावरची सायकल आली आणि मग कोणीतरी ती घरात बांधून ठेवली. खरं उलटं आहे. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस लाऊंड्स यांनी १७९६ मध्ये 'जिम्नॅस्टिकॉन' नावाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पायांसाठी पावट्या, हातांसाठी फिरवायचे दांडे आणि सोबत जड चाक. सांधे आखडलेल्या, अशक्त झालेल्या माणसाला जागेवरच व्यायाम व्हावा, हा त्यामागचा हेतू होता. रुग्णाला स्वतः फिरवणं जमत नसेल तर दुसऱ्यानं चाक फिरवायचं. आजचे फिजिओथेरपिस्ट तुमचा पाय हातात धरून हलवतात, तसंच.

जर्मनीत कार्ल ड्राईस यांनी दोन चाकांची लाकडी गाडी चालवून दाखवली ती १८१७ मध्ये, म्हणजे २१ वर्षांनी. तिला पायडल नव्हते, पायांनी जमीन ढकलत जावं लागे. पायडल आले १८६० च्या दशकात, पॅरिसमध्ये.

पुढे रस्त्यावरच्या सायकलीनं जग जिंकलं. आपल्या मुंबईतून १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा तरुण सायकलीवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यातले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटर पार करून १९२८ मध्ये परतले. आपल्या विदर्भाचं उदाहरण हवं असेल तर नागपूरचे डॉ. अमित समर्थ. त्यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करण्याची 'रेस अॅक्रॉस अमेरिका' एकट्यानं पूर्ण केली. पण घरातली सायकल मात्र श्रीमंतांच्या व्यायामशाळेत राहिली. १९१२ मध्ये बुडालेल्या टायटॅनिक जहाजावरसुद्धा पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी अशा सायकली होत्या.

चुंबक आणि इन्सुलिन

आता मधुमेहाच्या रुग्णांनी इकडे लक्ष द्या. डेन्मार्कमध्ये ऑगस्ट क्रोग नावाचे शास्त्रज्ञ होते. स्नायू काम करतात तेव्हा शरीरात नेमकं काय होतं, हे त्यांना मोजायचं होतं. रस्त्यावर चढ, उतार, वारा असतो, त्यामुळे मोजमाप जमत नाही. म्हणून १९१३ मध्ये त्यांनी एक जागेवरची सायकल तयार केली. तिचं चाक विद्युत चुंबकानं अडवलं जायचं. चुंबकाचा जोर वाढवला की पायडल जड, कमी केला की हलका. आज दुकानात 'मॅग्नेटिक' म्हणून जी सायकल मिळते, तिचं मूळ तत्त्व हेच आहे. धातूचं चाक चुंबकाजवळून फिरलं की त्यात वीजप्रवाह तयार होतात आणि ते चाकाला मागे ओढतात. घासणारं काहीच नाही, म्हणून आवाज कमी आणि झीजही कमी.

स्नायूंमधल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांवरच्या कामासाठी क्रोग यांना १९२० मध्ये नोबेल मिळालं. त्यांच्या पत्नी मेरी स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांना मधुमेह होता. १९२२ मध्ये हे दोघे अमेरिकेला गेले असताना नव्यानं सापडलेल्या इन्सुलिनबद्दल त्यांना कळलं, आणि क्रोग यांनी ते बनवण्याचं काम डेन्मार्कमध्ये सुरू केलं. म्हणजे मोजून व्यायाम देणारी सायकल आणि इन्सुलिन, दोन्ही एकाच घराच्या उंबऱ्यातून आले. मला हा योगायोग वाटत नाही. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न पाहताही आत ओढून घेतो. गुरुजींची शुगर सायकल बंद होताच चढली, त्यामागे हेच मोठं कारण.

यानंतर स्वीडनमध्ये १९५० च्या दशकात पट्ट्याच्या ब्रेकची साधी, स्वस्त सायकल तयार झाली आणि ती हृदयाच्या तपासणीसाठी वापरली जाऊ लागली. त्याच सुमारास, १९५३ मध्ये, लंडनच्या जेरी मॉरिस यांनी बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. बस दोघांचीही तीच, रस्ताही तोच. फरक होता तो हालचालीचा.

गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. सायकल कुठे जाते, याच्याशी हृदयाला देणंघेणं नाही. पाय किती फिरले, एवढंच ते मोजतं.

मग कोणती घ्यायची?

आधी एक गोष्ट. घरात सायकल चालवण्याची सवय बर्फ पडणाऱ्या देशांत वाढली, कारण तिथे हिवाळ्यात बाहेर सायकल चालवणं अवघड होतं. आपल्याकडे दहा वाजता छान ऊन पडतं. तुमचा रस्ता सुरक्षित असेल तर वेळ बदला, पहाटेऐवजी दुपारी चारला निघा. खर्च शून्य. रस्त्यावर दिवसभर ट्रक आणि धूळ असेल, नजर कमी झाली असेल किंवा तोल जात असेल, तर मात्र घरातली सायकल हा चांगला पर्याय आहे.

* ट्रेनर: आपल्याच सायकलीचं मागचं चाक अडकवायचा स्टँड. गियरच्या सायकलीला सोयीचा. आपल्या जुन्या काळ्या सायकलीचा नटबोल्टचा धुरा त्यात बसेलच असं नाही, म्हणून आधी दुकानदाराकडून बसवून बघा.
* रोलर: सायकल मोकळी राहते, तोल सांभाळावा लागतो. शर्यतीच्या खेळाडूंसाठी. साठीच्या पुढे नकोच.
* स्मार्ट ट्रेनर: पडद्यावर रस्ता दिसतो, चढ आला की आपोआप जड होतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये टूर द फ्रान्सची आभासी शर्यतसुद्धा यावर झाली. पण महाग, आणि वीज व इंटरनेट लागतं. शुगर कमी करण्यासाठी याची गरज नाही.
* मॅग्नेटिक व्यायाम सायकल: बहुतेक रुग्णांना हीच पुरते. कंबर किंवा गुडघे दुखत असतील तर पाठ टेकून बसायची घ्या.

घेताना तीन गोष्टी बघा. चाक जड आहे का, तुमचं वजन पेलते का, आणि सीट वरखाली होते का. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. सीट खाली राहिली की गुडघे दुखणारच.

किती आणि कसं?

आठवड्याला किमान १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. सुरुवात दहा मिनिटांनी करा. चालवताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा जोर पुरे. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी वाढत नाही, त्यामुळे त्या रुग्णांनी नाडीपेक्षा या खुणेवर भरवसा ठेवावा. घरात वारा लागत नाही, म्हणून खिडकी उघडी ठेवा, पंखा लावा, पाणी जवळ ठेवा. खोलीत शेगडी किंवा शेकोटी पेटवून व्यायाम करू नका.

इन्सुलिन घेत असाल, किंवा शुगर एकदम उतरवणारी गोळी असेल, तर जवळ साखर ठेवा. अँजिओप्लास्टी झालेल्यांनी, डोळ्यांच्या पडद्याचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दाब, घाम, चक्कर, जबड्यात किंवा हातात कळ आली तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा. 'गॅस असेल' म्हणून बसून राहू नका.

शेवटी एक कबुली. माझ्या घरीही अशी एक सायकल आहे. तीन वर्षं तिच्यावर टॉवेल वाळत होते. गुरुजींना उपदेश करून घरी गेलो आणि आधी ते टॉवेल काढले.

गुरुजींनी नवीन घेतलीच नाही. नात्यातल्या एकाकडे पडून असलेली मॅग्नेटिक सायकल आणली आणि ओसरीत ठेवली. पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटं, मग अर्धा तास. मार्चमध्ये तपासणीला आले तेव्हा शुगर खाली आली होती. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, येणारे-जाणारे पायतेत आन हासतेत. पण आता अर्धा तास पेपर वाचणं होऊन जाते."

तुमच्या घरात अशी एखादी सायकल धूळ खात पडली असेल, तर नवीन घेण्याआधी तिच्यावरचे कपडे काढून बघा.

काळजी घ्या.