लाइट आणि लाइन

लाइट, लाइन : इंग्रजीतून मराठीत आलेली दोन नामे. मूळ अर्थ उजेड आणि रेघ. पण मराठी बोलण्यात दोन्हींचा एक अर्थ 'वीजपुरवठा' असाही आहे. पुण्या-मुंबईकडे 'लाइट गेली' किंवा 'लाइट गेले' म्हणतात, नागपूरकडे 'लाइन गेली'. नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर तालुक्यात, खापरखेड्याला, महानिर्मितीचे औष्णिक वीज केंद्र आहे. २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक, असे १३४० मेगावॅटचे पाच संच. या परिसरातही घरातला पंखा थांबला की जाते ती लाइनच.

लाइट हा शब्द संस्कृतातल्या 'रुच्' म्हणजे प्रकाशणे या धातूचा दूरचा नातलग. लाइनचे मूळ लॅटिनमधल्या 'लिनम'मध्ये, म्हणजे जवसात. जवसाच्या तंतूंचा दोरा, त्यावरून ताणलेली दोरी, मग रेघ, रांग, रूळ आणि तार. विदर्भात जवस पिकतो तो तेलासाठी आणि चटणीसाठी. तरी तारेला लाइन म्हणताना माणूस नकळत त्याच झाडाचे नाव घेतो.

व्याकरणात दोघांची वागणूक अगदी वेगळी. लाइटचे लिंग अर्थाप्रमाणे बदलते. 'लाइट लावला' यात मनात दिवा आहे, म्हणून पुल्लिंग. 'लाइट गेली' यात वीज आहे, म्हणून स्त्रीलिंग. 'लाइट गेले' हे 'दिवे गेले'च्या चालीवरचे अनेकवचन. खेड्यात 'लायटी' लागतात आणि माणूस 'लायटीच्या खांबा'जवळ उभा राहतो. 'लाइट निळा' म्हणताना तोच उच्चार फिका या अर्थाचे विशेषण होतो. लाइनला असा प्रश्नच पडत नाही : ओळ, रांग, तार, वीज सगळ्या स्त्रीलिंगी, तेव्हा तीही स्त्रीलिंगी. लाइनी, लाइनीत, लाइनीवर.

दोन्ही शब्द सगळीकडे अदलाबदल करून चालत नाहीत. नागपूरकरही भरतो ते 'लाइट बिल'. 'लाइन बिल' कोणी म्हणत नाही. खोलीत अंधार असेल तर 'लाइट लाव', 'लाइन लाव' नव्हे. उलट खांबावर चढतो तो लाइनमनच.

नागपूरच्या जुन्या वीज कंपनीचे नाव 'नागपूर इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी' असे होते. विजेचा पहिला घरगुती उपयोग दिव्यासाठी झाला, म्हणून उजेडाचे नाव विजेला पडले. शेतकऱ्याला मात्र वीज तारेतून पंपापर्यंत यायला हवी असते. 'लाइन रात्रीची आहे' हे वाक्य ओलिताच्या दिवसांत संत्र्याच्या बागेत ऐकू येते. त्यात दिव्याचा संबंधच नाही. संत्र्याला पाणी द्यायला शेतकरी अंधारात निघालेला असतो. तिथे 'लाइन' हाच शब्द नेमका बसतो.

म्हणून 'लाइन गेली' ही चूक समजून मुलांच्या वहीत सुधारू नये, आणि प्रत्येक मराठी कोशात लाइनच्या नोंदीखाली 'वीजपुरवठा (वैदर्भी)' हा अर्थ असावा.